नकाशावरचा एक सेंटिमीटर वावरात किती?

मागच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावी ठिबकसाठी वावर पाहायला गेलो होतो. ते काम राहिलं बाजूला. दोन भाऊ खाटेवर गटनकाशा पसरून बसले होते आणि मध्ये मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी. "नकाशामा बांध सरळ शे, मंग वावरमा वाकडा कसा?" धाकटा विचारत होता. थोरल्याचं म्हणणं, बांध आजोबांच्या वेळेपासून आहे तिथेच आहे. वाद चार फुटांचा. पट्टी ठेवली की दर वेळी वेगळा आकडा निघत होता, आणि आकड्यासोबत आवाज वाढत होता.

मी नकाशाचा खालचा कोपरा पाहिला. प्रमाण १:५००० होतं. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर. चार फूट म्हणजे सव्वा मीटरही नाही. कागदावर ते पाव मिलिमीटर भरतात. बांधाची छापील रेघच अर्धा मिलिमीटर जाड होती, म्हणजे वावरातले अडीच मीटर. ज्या चार फुटांपायी दोघांचं बोलणं तुटायची वेळ आली होती, ते त्या रेघेच्या पोटातच मावत होते.

हे त्या दोघांना कधी कुणी समजावलंच नव्हतं. शाळेत नकाशाप्रमाण असतं, पण ते परीक्षेपुरतं. पुढे सातबारा, गटनकाशा, घराचा प्लॅन, ठिबकचा आराखडा, पाइपलाइनचा छेद (म्हणजे बाजूने कापून पाहिल्यासारखं चित्र) असे कागद आयुष्यभर हातात येत राहतात आणि प्रमाण वाचायचं राहून जातं. म्हणून हे लिहितोय. पट्टी, टोकदार पेन्सिल, थोडा दोरा आणि तीस मीटरचा टेप जवळ घेऊन बसा.

आधी प्रमाण शोधा

कोणताही नकाशा हातात आला की पहिली नजर प्रमाणावर जाऊ द्या. ते बहुधा खालच्या कोपऱ्यात किंवा शीर्षकाखाली असतं आणि तीनपैकी एका रीतीने दिलेलं असतं. कधी शब्दांत: "१ सेंमी = ५० मीटर". कधी अंकांत: १:५०००. कधी एक छोटी आडवी पट्टी काढून तिच्यावर ०, १००, २०० मीटर अशा खुणा केलेल्या असतात. तिला रेषाप्रमाण म्हणतात.

अंकांतलं प्रमाण वाचताना नवखे लोक अडखळतात, कारण त्यात मीटर-फूट काहीच लिहिलेलं नसतं. ते मुद्दामच नसतं. १:५००० म्हणजे कागदावरचं कोणतंही एक माप जमिनीवर तसलीच ५००० मापं. एक सेंटिमीटर म्हणजे ५००० सेंटिमीटर, म्हणजे ५० मीटर. एक इंच म्हणजे ५००० इंच, म्हणजे साधारण ४१७ फूट. एक सोपी युक्ती सांगतो: मागचे दोन शून्य झाका, उरलेला आकडा म्हणजे एका सेंटिमीटरला तितके मीटर. १:५००० ला ५० मीटर, १:१००० ला १० मीटर, १:१०० ला १ मीटर.

जुन्या नकाशांवर इंच आणि साखळी भेटते, तिथे सांभाळून. समजा "१ इंच = २० साखळ्या" असं लिहिलंय. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे; एक आणा म्हणजे २४.७५ इंच. अजूनही गावातली म्हातारी माणसं "बांध दोन आणे सरकला" म्हणतात ते हेच. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. अशा वीस साखळ्यांचे ६६० फूट होतात, इंच ७९२०, म्हणून प्रमाण १:७९२०. मैलाला आठ इंच. पण गुंटर साखळी म्हणून दुसरी एक आहे, ती ६६ फुटांची आणि शंभर कड्यांची. साखळी कोणती हे न पाहता हिशोब केला तर लांबी दुप्पट किंवा निम्मी येते आणि क्षेत्र चौपट किंवा पाव.

प्रमाण कुठेच सापडलं नाही, किंवा "प्रमाणात नाही" असा शेरा असला, तर त्या कागदावर पट्टी ठेवूच नका. कशाच्या शेजारी काय आहे एवढंच तो कागद सांगतो.

ओळखीचं एक अंतर ताडून पाहा

ही पायरी मी कधीच गाळत नाही. नकाशावर दिसणारी आणि वावरातही उभी असलेली दोन ठिकाणं निवडा: विहीर आणि रस्त्याचा तिठा, किंवा शेताचे दोन कोपरे जिथे हद्दीचे दगड शाबूत आहेत. दोघांमधलं अंतर टेपने मोजा. मग तेच कागदावर मोजा. पट्टी शून्यापासून लावू नका. जुन्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं. एकच्या खुणेपासून लावा आणि शेवटी एक वजा करा.

जमिनीवर २१० मीटर आले आणि १:५००० च्या नकाशावर ४.२ सेंटिमीटर भरले, तर नकाशा खरं बोलतोय. ३.९ भरले तर कागद कुठेतरी आकसलाय, झेरॉक्समध्ये किंवा घड्यांमध्ये. मग छापलेल्या प्रमाणावर जाऊ नका, स्वतःचं काढा: २१० भागिले ३.९, म्हणजे सेंटिमीटरला जवळपास ५४ मीटर. कागद लांबीत आणि रुंदीत वेगवेगळा आकसू शकतो, तेव्हा एक अंतर पूर्व-पश्चिम आणि एक दक्षिण-उत्तर घेतलेलं बरं.

टेप नसेल तर पावलं चालतात. पक्क्या रस्त्यावर शंभर मीटर टेपने मोजून घ्या आणि सहज चालीने किती पावलं पडतात ते मोजा. धुळ्यात राहत असाल तर सरावाला जुन्या शहरातल्या नंबरांच्या गल्ल्यांसारखी जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने आखलेल्या त्या वस्तीतल्या गल्ल्या सरळ आणि एकमेकींना समांतर आहेत. शहराचा नकाशा हातात घेऊन एका गल्लीतून दुसरीत पावलं मोजत जा. एका सकाळीत प्रमाण अंगात भिनतं.

स्वतः एक आराखडा काढा

वाचून जितकं कळतं त्याच्या कितीतरी पट काढून कळतं. आपलंच वावर घ्या. समजा ते १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे. चौकटीच्या वहीत १:१००० ने काढा: १२ सेंटिमीटर आणि ८ सेंटिमीटर. विहीर एका कोपऱ्यापासून ३५ मीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. बांधावरचा निंब, शेड, विजेचा खांब, सगळं मोजून बसवा. उत्तरेचा बाण काढा.

आता क्षेत्र बघा. १:१००० ला कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १० गुणिले १०, शंभर चौरस मीटर, बरोबर एक आर. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्येच असतं. तुमच्या आराखड्यात १२ गुणिले ८, ९६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ९६ आर, ०.९६ हेक्टर. एकरात धरलं तर दोन एकर पंधरा गुंठ्यांच्या आसपास. मला हे प्रमाण याचसाठी फार आवडतं. तसंच १:१०,००० ला एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर. हे दोन पाठ करून टाका. १:५००० ला मात्र तो २५ आर होतो.

शेत वाकडंतिकडं असेल तर त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर ठेवा, हद्द गिरवा आणि तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौकटी मोजा. पूर्ण चौकट एक धरा. कडेची अर्ध्याहून जास्त आत असेल तर एक, कमी असेल तर सोडून द्या. नाल्याची किंवा वळणाच्या रस्त्याची लांबी हवी असेल तर ओला दोरा वळणावळणाने बसवा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा.

काम पाहून प्रमाण निवडा

घराच्या प्लॅनला साधारण १:१००, स्वयंपाकघर किंवा जिन्याचा तपशील दाखवायचा तर १:५०. आपले मिस्त्री अजून फूट-इंचात बोलतात. त्यांना एक इंचाला आठ फूट हे प्रमाण हाताला बसलेलं असतं. तेही १:९६ च आहे, १:१०० च्या जवळचं, पण तेच नव्हे. मीटरच्या प्लॅनवर फुटाचं स्केल लावलं तर शंभरामागे चार फूट चुकतात.

केळीचं उदाहरण घ्या. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर दोन झाडांमधलं अंतर दीड मीटर. १:१००० च्या आराखड्यात ते दीड मिलिमीटर होतं. तिथे झाड दाखवायला गेलात तर कागद नुसता काळा होईल. म्हणून पूर्ण शेत १:१००० ने काढायचं आणि एका कोपऱ्यातल्या दोन ओळी, नळी, गादीवाफा हे बाजूला १:१०० ने. तिथे तेच अंतर दीड सेंटिमीटर येतं आणि मजुरालाही बोट ठेवून दाखवता येतं. एकाच कागदावर दोन प्रमाणं असली तर प्रत्येक चित्राखाली त्याचं प्रमाण वेगळं लिहा.

गावाबाहेरचं पाहायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आहेत, १:५०,००० चे. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पूर्वी ते मैलाला एक इंच, म्हणजे १:६३,३६० असायचे. पाणलोटाचं काम करणाऱ्यांना हे नकाशे फार उपयोगी पडतात, कारण त्यांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात.

इथे शब्दांचा एक घोळ होतो, तो नीट समजून घ्या. १:१००० हे बृहत्प्रमाण आणि १:१०,००,००० हे लघुप्रमाण. आकडा मोठा दिसला म्हणून प्रमाण मोठं होत नाही. १ भागिले १००० हा अपूर्णांक मोठा आहे. धुळे ते जळगाव सरळ रेषेत सुमारे ८३ किलोमीटर. दहा लाखांच्या नकाशावर ते सव्वाआठ सेंटिमीटर, तळहाताएवढं. १:५०,००० वर ते एक मीटर ६६ सेंटिमीटर होतं. नकाशाच्या एका कागदात बसणार नाही, कागद जोडत जावं लागेल. आणि हो, पारोळा-एरंडोलवरून रस्त्याने जाताना अंतर यापेक्षा जास्त भरतं. पट्टी सरळ जाते, रस्ता गावांना विचारत जातो.

झेरॉक्स आणि प्रिंट: माझी झालेली चूक

कामाला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याचा आराखडा मी १:१००० ने ए-३ कागदावर केला होता. साइटवर न्यायला घाईत त्याची प्रिंट काढली, ती दुकानातल्या मशीनने कागदात बसवून ए-४ वर दिली. कोपऱ्यात १:१००० तसंच छापलेलं. मेन लाइन मी त्या प्रिंटवर मोजली: १२.७ सेंटिमीटर. म्हणजे १२७ मीटर, सहा मीटरच्या २२ नळ्या. मागवल्या. मे महिना, चर खोदून तयार, टिश्यूकल्चरची रोपं सावलीत ट्रेमध्ये. बावीस नळ्या टाकून झाल्या आणि चर अजून रिकामाच होता. लांबी होती १८० मीटर. आठ नळ्या कमी पडल्या. त्या यायला दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस त्या शेतकऱ्याच्या घरच्या माउलीने हंड्याने पाणी आणून रोपं जगवली. त्या घरातला चहा अजूनही माझ्या घशात अडकतो.

ए-३ चा ए-४ केला की प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के होते. म्हणजे १:१००० चं प्रमाण गुपचूप १:१४१४ होतं, आणि छापलेला आकडा मात्र बदलत नाही. लांबीतली चूक निदान डोळ्यांना खुपते. क्षेत्रातली चूक अधिक घातक, कारण ती लांबी आणि रुंदी दोन्हींकडून येते. ए-४ कागद ए-३ च्या निम्मा असतो, म्हणून त्यावर मोजलेलं शेतही निम्मंच भरतं. आपल्या १२० बाय ८० मीटरच्या शेतात दीड मीटरवर ओळी धरल्या तर ५३ ओळी, ठिबकची नळी ६३६० मीटर. त्याच आराखड्याच्या छोट्या प्रतीवरून हिशोब केला तर ३२०० च्या आसपास येते. खर्चाचा अंदाज, रोपांची संख्या, खताचा डोस, सगळं त्याच्यासोबत निम्मं.

म्हणून तेव्हापासून माझ्या प्रत्येक आराखड्यावर मी दहा सेंटिमीटरची एक रेघ काढतो आणि तिच्यावर तिची जमिनीवरची लांबी लिहितो. कागद लहान झाला की ती रेघही लहान होते, आणि तिच्यावरून खरं प्रमाण काढता येतं. प्रमाणासोबत "ए-३ कागदावर" असंही लिहितो. प्रिंट काढताना शंभर टक्के मापाने काढायला सांगा आणि दुकान सोडण्याआधी त्या रेघेवर पट्टी ठेवा.

मोबाइलवर तर अंकांतल्या प्रमाणाला अर्थच उरत नाही. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट उघडलात आणि दोन बोटांनी मोठा केलात की प्रमाण बदललं. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरला की आणखी बदललं. तिथे फक्त सोबत ताणली जाणारी रेषा किंवा बाजूंवर लिहिलेली मापं भरवशाची.

उतार आणि छेद

नकाशा वरून पाहिलेला असतो. त्यातलं अंतर सपाट असतं. तापीकाठच्या सपाट जमिनीत याने फरक पडत नाही. दहा मीटरला एक मीटर उतार असला तरी लांबी अर्धा टक्काच वाढते. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळकडच्या चढावर तीस अंशांचा उतार असेल तर शंभर मीटरच्या नकाशाला नळी ११५ मीटर लागते.

पाइपलाइनचा किंवा पाटाचा छेद पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात आडवं प्रमाण १:१००० आणि उभं १:१०० असं वेगवेगळं ठेवतात, नाहीतर मीटर-दोन मीटरचा चढउतार कागदावर दिसणारच नाही. त्यामुळे चढ दहापट उभा दिसतो. "एवढ्या कड्यावर पाणी कसं चढेल?" असं मला पुष्कळदा विचारतात. तो कडा कागदावरचाच. उंची उभ्या प्रमाणाने वाचा, लांबी आडव्या, मग वावर पूर्वीसारखंच सपाट दिसायला लागतं.

रेघेच्या पोटातलं रेघेला विचारू नका

नकाशावर पट्टीने फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नीट वाचता येतं. त्या अर्ध्या मिलिमीटरला प्रमाणाने गुणा: १:१००० ला अर्धा मीटर, १:५००० ला अडीच मीटर, १:१०,००० ला पाच मीटर, १:५०,००० ला पंचवीस मीटर. त्याहून बारीक प्रश्न त्या नकाशाला विचारायचा नाही. गट कुठे आहे, शेजारी कोण, रस्ता कुठून, हे गटनकाशाला विचारा. बांध चार फूट इकडे की तिकडे, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर मोजून घ्या. मोजणीनंतर मिळणाऱ्या क-प्रतीवर मापं आणि प्रमाण दोन्ही असतात. जिथे माप आकड्यात लिहिलेलं आहे तिथे पट्टी ठेवू नका, आकडाच धरा. घराच्या प्लॅनलाही हाच नियम.

अमळनेरच्या त्या दोघा भावांना मी हे त्यांच्याच पट्टीवर दाखवलं. धाकट्याने पेन्सिलला टोक करून बांधाच्या रेघेवर एक ठिपका दिला आणि विचारलं, "हाऊ ठिपका कितला?" आम्ही मोजला: अर्धा मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटर. थोरला बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. मग त्याने पट्टी कंपासपेटीत ठेवली, नकाशाची घडी केली आणि मोजणीच्या अर्जाला काय काय कागद लागतात ते विचारलं. अर्जावर दोघांनी सह्या केल्या. पावसाळ्याआधी माझा फोन वाजला. क-प्रतीची झेरॉक्स काढायला ते दुकानात उभे होते आणि शंभर टक्के मापाने हे दुकानदाराला नेमकं कसं सांगायचं, ते त्यांना विचारायचं होतं.